ऐकणे, पारखणे आणि ख्रिस्ती मंडळी

ख्रिस्ती परिभाषेत ज्याला आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणतात ते म्हणजे एका विश्वासणाऱ्याने दुसऱ्याच्या प्रार्थनेविषयी, निर्णयांविषयी, दोषांविषयी आणि देवाशी असलेल्या नात्याविषयी शास्त्राच्या आधाराने व प्रेमाने केलेले बोलणे होय. ते पाळकाच्या संदेशातून येते, धर्मगुरूपुढे केलेल्या पापनिवेदनातून येते, घरगुती प्रार्थनासभेत शेजारी बसलेल्या बाईच्या एका वाक्यातूनही येते. असे बोलणे मनात शिरू देण्याची, त्यावर विचार करण्याची आणि ते खरे ठरल्यास स्वतःला बदलण्याची जी तयारी, तिला या लेखात ग्रहणशीलता म्हटले आहे. ही तयारी हा ख्रिस्ती जीवनाचा अनिवार्य भाग आहे की दुबळ्या विश्वासाची कुबडी आहे, याविषयी मतभेद आहेत. जुन्या शास्त्रीय वादपद्धतीप्रमाणे विरुद्ध पक्ष, म्हणजे पूर्वपक्ष, आधी पूर्ण बळानिशी मांडून मग त्याचे खंडन करणे आणि त्यानंतर सिद्धांताचे मंडन करणे हीच येथे उचित रीत होय.

हा वाद पनवेलसारख्या गावात विशेष जिवंत असण्याचे कारण या गावाच्या घडणीत आहे. सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाल्यानंतर नवी मुंबईची वस्ती खाडीपलीकडे पसरत पनवेलच्या वेशीपर्यंत आली, आणि 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल ही रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका झाली. या वाढीबरोबर आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत लॅटिन विधीचे कॅथलिक आहेत, ज्यांचा रायगड जिल्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडतो. केरळातून आलेले सिरो-मलबार विधीचे कॅथलिक आहेत, ज्यांच्यासाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत 1988 मध्ये निर्माण झाला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात एकत्र आलेल्या उत्तर भारतीय मंडळीच्या परंपरेतले मराठी भाषक आहेत. आणि कोणत्याही जुन्या संस्थेशी बांधले न गेलेले स्वतंत्र प्रार्थनागटही आहेत. ज्याचे गाव, भाषा आणि मंडळी मागे राहिली तो माणूस नव्या वसाहतीत दोनपैकी एका टोकाला सहज जातो. तो एक तर घराचे दार लावून एकट्याने बायबल वाचू लागतो, नाही तर पहिल्याच आपुलकीने बोलणाऱ्या पुढाऱ्याच्या हाती स्वतःला संपूर्ण सोपवतो. दोन्ही टोकांना आपापले शास्त्रवचन आहे, आणि म्हणूनच दोहोंची तपासणी शास्त्रावरच व्हायला हवी.

पहिला पूर्वपक्ष असा. प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या ठायी पवित्र आत्मा वास करतो, आणि योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील सत्ताविसावे वचन स्पष्ट सांगते की ज्यांना अभिषेक झाला आहे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. यिर्मयाने एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराचे जे चित्र रेखाटले आहे त्यातही शेजाऱ्याने शेजाऱ्याला शिकवण्याची वेळ उरणार नाही असे म्हटले आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात तर खुद्द ख्रिस्तानेच कोणालाही गुरुजी म्हणवून घेण्यास मनाई केली आहे. मग मध्यस्थ कशाला? धर्मसुधारणेच्या चळवळीने सोळाव्या शतकात पुरोहिताची मध्यस्थी नाकारून सामान्य माणसाच्या हाती त्याच्या भाषेतले बायबल दिले, ते पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसण्यासाठी नव्हे, असे हा पक्ष म्हणतो. या पक्षाची प्रेरणा क्षुद्र नाही. देवापुढे माणसाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे ही तिची मागणी आहे, आणि ती मागणी खोटी ठरवता येत नाही.

परंतु या पक्षाने आधारासाठी घेतलेली वचने त्याच्या पाठीशी उभी राहत नाहीत. योहानाचे पत्र हे स्वतःच एक शिकवण आहे. शिकवणाऱ्याची गरज नाही असे अक्षरशः मानणाऱ्याला पाच अध्यायांचे पत्र लिहिण्याचे कारणच उरत नाही. त्या वचनाच्या आधीच्या ओळी पाहिल्या म्हणजे कळते की मंडळीतून फुटून गेलेले आणि ख्रिस्ताविषयी भलतेच सांगणारे लोक विश्वासणाऱ्यांना भुलवू पाहत होते, आणि त्यांच्या ‘वरच्या ज्ञाना’ची तुम्हांला गरज नाही असा दिलासा लेखक देत होता. येथे मराठी वाचकाने एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठीतला ‘तुम्ही’ अनेकवचनीही असतो आणि एका व्यक्तीसाठी आदरार्थीही असतो; त्यामुळे एकट्याने वाचणाऱ्याला ते वचन आपल्या एकट्याला उद्देशून आहे असे सहज वाटते. मूळ ग्रीकमध्ये ते निखळ अनेकवचन आहे. अभिषेक मंडळीला झालेला आहे, आणि मंडळीतील प्रत्येकाला तो इतरांसह लाभला आहे. त्याच लेखकाच्या नावावर असलेल्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाच्या माणसाचा उल्लेख येतो. त्याचा दोष हाच की त्याला पुढे पुढे करण्याची हौस होती आणि तो कोणाचेच म्हणणे स्वीकारत नव्हता. मत्तयातील मनाईलाही तिथेच कारण जोडलेले आहे, ते म्हणजे तुम्ही सगळे भाऊ आहात. भावाने भावाशी बोलू नये असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट पदवीचा अडसर दूर झाल्यामुळे कोणीही कोणाशी बोलावे असा निघतो.

शास्त्रातील प्रसंग तर याहून बोलके आहेत. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला प्रत्यक्ष ख्रिस्ताचे दर्शन झाले, तरी पुढे काय करायचे हे त्याला तिथे सांगितले गेले नाही. त्यासाठी हनन्या नावाच्या, एरवी कोणाच्या लक्षातही न राहणाऱ्या शिष्याला त्याच्याकडे पाठवले गेले. ज्याला सर्वांत थेट दर्शन लाभले त्यालाच माणसाच्या हातून दृष्टी परत मिळाली, हा क्रम योगायोगाचा मानता येत नाही. अपुल्लो वक्तृत्वात निपुण आणि शास्त्रात पारंगत होता. त्याला तंबू शिवण्याचा धंदा करणाऱ्या अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, आणि त्या विद्वानाने तो समजावून घेतला. मोशेला न्यायनिवाड्याचे काम वाटून देण्याचा सल्ला मिळाला तो सासरा इथ्रो याच्याकडून, जो इस्राएलाबाहेरचा, मिद्यानाचा याजक होता. ज्याने जळत्या झुडपातून वाणी ऐकली त्याला कामाची व्यवस्था सासऱ्याने शिकवावी यात त्याला कमीपणा वाटला नाही.

तरीही पहिल्या पक्षाची खरी ताकद वचनांत नसून अनुभवात आहे, आणि तो अनुभव महाराष्ट्राच्या इतिहासात पंडिता रमाबाईंच्या रूपाने समोर येतो. रमाबाईंचे उदाहरण स्वतंत्र बाण्याचे प्रतीक म्हणून नेहमी दिले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण ते पूर्ण पाहिले तर पहिल्या पक्षाच्या विरुद्ध जाते. 1858 मध्ये जन्मलेल्या, दुष्काळात आईवडील गमावलेल्या, 1878 मध्ये कोलकात्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या आणि 1882 मध्ये विधवा झालेल्या या स्त्रीने 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील अँग्लिकन जोगिणींच्या संघातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक माता मानल्या जात. पुढील काही वर्षांत या दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला तो 1977 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला असून, मार्गदर्शन देणे आणि घेणे या विषयावर भारतीय ख्रिस्ती वाङ्मयात त्याच्या तोडीचे दुसरे साधन क्वचितच सापडेल. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धांताविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव आहेत या शिकवणुकीविषयी, प्रश्न विचारले. कुमारीच्या पोटी ख्रिस्ताचा जन्म, मंडळीचा अधिकार, मतांगीकाराची सूत्रे या सर्वांविषयी शंका घेतल्या. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले तेव्हा त्या संतापल्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

येथपर्यंतचा भाग सर्वांना ठाऊक असतो. पुढचा भाग मात्र वादात क्वचित येतो. रमाबाईंनी पत्रे लिहिणे थांबवले नाही. ज्या बाईंशी वाद घातला त्यांनाच त्या मुलीच्या, मनोरमेच्या, नात्याने ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या. आपल्या शंका त्यांच्यापासून न लपवता त्यांच्याचपुढे मांडत राहिल्या. आणि डोरोथिया बील या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांशीही त्याच शंकांची चर्चा करत राहिल्या. ज्याला मार्गदर्शन नको असते तो एवढी लांबलचक पत्रे लिहीत नाही. बाप्तिस्म्यापूर्वीच्या त्यांच्या शंकांना वाट मिळाली ती नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या लेखनातून. गोरे हे 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले काशीचे चित्पावन पंडित होते, आणि अशाच प्रश्नांशी आयुष्यभर झुंजलेले होते. लंडनजवळ फुलम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालवलेले घर रमाबाईंनी पाहिले, तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून समजावली; पुढे रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे कार्य उभे राहिले त्याचे बीज त्या वाचनात शोधता येते. त्यानंतर 1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचे आत्मकथन वाचून त्यांच्या ध्यानात आले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्ताची ओळख अजून व्हायची आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झालेली, शारदा सदनाची स्थापना केलेली, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये नावाजलेली ही विदुषी एका अनोळखी माणसाच्या पुस्तकाकडून हे ऐकून घेते आणि पुढे स्वतःच्या साक्षीत ते जाहीरपणे सांगते, यात तिच्या स्वातंत्र्याला बाध आला नाही. त्यांनी अधिकाराची सक्ती नाकारली, आणि ती नाकारताना सांगणाऱ्यांशी असलेले नाते तोडले नाही. पहिला पक्ष या दोन गोष्टींत फरक करत नाही, आणि त्याची मूळ चूक तीच आहे.

या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे, आणि ती नोंदवणे न्यायाचे होईल. सिस्टर जेराल्डीन यांचे काही सांगणे कठोर होते, काही त्या काळच्या साम्राज्यवादी दृष्टीने डागाळलेले होते. पण ज्या पत्रांत आपल्याला विरोध झाला, आपल्या शिकवणीवर बोट ठेवले गेले, ती पत्रेही त्यांनीच जपून ठेवली आणि संकलित केली. मार्गदर्शकाच्या प्रामाणिकपणाची याहून मोठी खूण कोणती मानावी?

दुसरा पूर्वपक्ष याच्या नेमका उलट आहे. त्याच्या मते इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहण्यास सांगितले असल्याने, आणि स्तोत्र 105 मध्ये देवाच्या अभिषिक्तांना स्पर्श करू नये असे असल्याने, पाळकाच्या शब्दाची तपासणी करणे हेच पाप होय. नोकरी, विवाह, घर, पैसा या सर्व बाबतींत त्याच्या मुखातून आलेला शब्द देवाचाच मानावा. मराठी मातीत गुरूवर सर्वस्व वाहण्याची जी रीत आहे तिचा आधार या पक्षाला नकळत मिळतो, आणि परक्या शहरात एकाकी पडलेल्या कुटुंबाला तो गोडही वाटतो, कारण त्यात निर्णयाचे ओझे उतरते.

या पक्षाचे खंडन थोडक्यात होण्याजोगे आहे. स्तोत्र 105 मधील अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब आणि त्यांचे मूठभर वंशज, जे परक्या देशांत उपरे म्हणून भटकत होते. परक्या राजांनी त्या दुर्बळांना छळू नये हा त्या वचनाचा अर्थ आहे, मंडळीतील बलवानाला प्रश्न विचारू नये हा नाही. दाविदाने अभिषिक्त शौल राजावर हात टाकला नाही हे खरे. पण त्याने त्याच्या झग्याचा काठ कापून घेतला आणि सर्वांदेखत मोठ्याने त्याचा अन्याय त्याला सांगितला. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर त्याचे पाप मांडले, आणि दाविदाने ते मान्य केले. अंत्युखियात पौलाने पेत्राचा उघड निषेध केला. बिरुयातील लोकांनी खुद्द पौलाचे म्हणणे दररोज शास्त्राशी ताडून पाहिले, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांना दोष न देता त्यांची थोरवी गायली आहे. इब्री पत्रातील आज्ञेत पुढाऱ्यांवर हिशेब देण्याचे बंधन घातलेले आहे. ज्याला हिशेब द्यावा लागतो त्याचा शब्द तपासणीच्या पलीकडे कसा असेल? जो पाळक कोणाकडूनही काही ऐकून घेत नाही, ज्याला सल्ला देणारा कोणी वडीलजन नाही, त्याच्या शब्दाला अधिक वजन येत नाही, उलट कमी येते. विशेषतः जिथे आजाऱ्याला औषध सोडण्यास, स्त्रीला मारहाण सोसण्यास किंवा कुटुंबाला कर्ज काढून दान देण्यास देवाच्या नावाने सांगितले जाते, तिथे ऐकणाऱ्याने नकार देणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

दोन्ही पक्षांची मुळे एकाच जागी पोहोचतात. मार्गदर्शन म्हणजे हुकूम, असे दोघेही गृहीत धरतात; पहिला हुकूम नको म्हणून ऐकणेच टाळतो, दुसरा हुकूम आहे म्हणून पारखणे सोडतो. प्रत्यक्षात ख्रिस्ती परंपरेने मार्गदर्शनाचे जे स्वरूप घडवले आहे ते हुकुमाचे नाही. सोळाव्या शतकातील इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात साधना करून घेणाऱ्याला दिलेल्या प्रारंभिक सूचनांपैकी एक अशी आहे की त्याने साधकाला कोणत्याही बाजूला झुकवू नये, तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये स्थिर राहावे आणि निर्माता व त्याची निर्मिती यांना परस्परांशी थेट व्यवहार करू द्यावा. ज्या येशूसंघाविषयी कडक आज्ञापालनाची ख्याती आहे त्याच्या संस्थापकाने हे लिहावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये छापलेले ‘क्रिस्तपुराण’ही मराठी श्रोत्यांच्या प्रश्नांना वाट देत, संवादाच्या रीतीने पुढे सरकते. त्याहून हजार वर्षे जुन्या बेनेदिक्ताच्या मठनियमाच्या तिसऱ्या अध्यायात मठाधिपतीला सांगितले आहे की महत्त्वाच्या प्रसंगी सगळ्या बंधूंना बोलवावे, कारण जे अधिक हिताचे ते प्रभू पुष्कळदा सर्वांत लहानाला प्रकट करतो. या वाक्याचे गांभीर्य क्वचितच ओळखले जाते. त्यात मार्गदर्शन वरून खाली वाहते ही कल्पनाच मोडलेली आहे. पनवेलच्या एखाद्या मंडळीत घरकाम करणारी विधवा, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला तरुण किंवा आजीने आणलेले नातवंड पाळकाला जे सांगेल ते पाळकाने ऐकावे, हा या नियमाचा रोकडा अर्थ आहे.

असे ऐकणे किती दूरवर जाऊ शकते हे दाखवणारी खूण पनवेलमध्येच उभी आहे, आणि ती ख्रिस्ती नाही. 1849 मध्ये बांधलेले बेथ एल सिनेगॉग हे कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारा आणि शब्बाथाला घाणा बंद ठेवणारा हा समाज गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. शब्बाथ, सुंता आणि काही प्रार्थना त्याने शतकानुशतके टिकवल्या, पण हिब्रू भाषा त्याच्यापासून दूर गेली होती. त्याला विधी शिकवण्यास कोचीचे यहुदी आले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांत त्याची मुले हिब्रूही शिकली. 1829 मध्ये मुंबईत आलेल्या जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत तयार केले. मिशनऱ्यांची अपेक्षा धर्मांतराची होती. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले आणि त्याच्या साह्याने ते आपल्याच तोराकडे, आपल्याच सिनेगॉगकडे परतले. बहुतेकांनी धर्म बदलला नाही. परक्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये याचा विवेक त्यांच्यापाशी होता म्हणूनच त्यांना निर्भयपणे घेता आले. ज्याला आपल्या मुळांची खात्री नसते तोच प्रत्येक शिकवणाऱ्याला घाबरतो किंवा प्रत्येकाच्या मागे लागतो.

यावर शेवटचा आक्षेप व्यवहाराचा येतो. एकाच वसाहतीत इतक्या परंपरा असताना प्रत्येकाचे ऐकायचे म्हटले तर माणूस गोंधळून जाईल. कॅथलिक शेजारी उपवास सांगेल, पेंटेकॉस्टल सहकारी अन्य भाषांत प्रार्थना सांगेल, तिसरा कोणी भविष्यवाणी ऐकवेल. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर कान बंद करण्यात नाही. करिंथच्या मंडळीतही हाच गोंगाट होता, आणि पौलाने तेथे संदेश देणाऱ्यांना गप्प न करता इतरांनी त्याचा निर्णय करावा अशी व्यवस्था लावून दिली. निर्णयाच्या कसोट्या फारशा गूढ नाहीत. सांगितलेली गोष्ट ख्रिस्ताच्या वचनांशी जुळते का, ती सांगणाऱ्याच्या लाभाची आहे की ऐकणाऱ्याच्या, ती दिवसाउजेडी इतरांपुढे सांगता येते का, आणि तिचे फळ प्रीती, धीर व सौम्यता यांच्या रूपाने येते की भीतीच्या, एवढे पाहिले तरी पुष्कळसा गाळ खाली बसतो. यांपैकी तिसरी कसोटी सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी आहे, कारण जे मार्गदर्शन ‘कोणाला सांगू नकोस’ या अटीवर दिले जाते ते बहुतेकदा तिथेच नापास होते. पापनिवेदनातील गुप्तता याहून वेगळी आहे. तिचे बंधन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर असते, निवेदन करणाऱ्यावर नसते.

पारख झाल्यानंतरही एक गोष्ट उरते, आणि ती मार्गदर्शकासाठी अवघड असते, ती म्हणजे बाजूला होणे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशया वाचणारा इथिओपियाचा अधिकारी फिलिप्पाला प्रांजळपणे सांगतो की कोणी उलगडून दाखवल्यावाचून आपल्याला हे कळणार कसे. फिलिप्प रथात चढतो, शास्त्र उलगडतो, वाटेतल्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा करतो, आणि त्याच क्षणी त्याच्या दृष्टीआड होतो. अधिकारी त्याला शोधत मागे फिरत नाही. आनंद करत आपल्या वाटेने पुढे जातो. 1893 मध्ये नागपूरकडून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीत कवी नारायण वामन टिळकांच्या डब्यात असाच एक युरोपीय प्रवासी होता. त्याने कवितेविषयी गप्पा मारल्या, नवा करार टिळकांच्या हाती ठेवला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले आणि तो निघून गेला. टिळकांनी त्याच्यापुढे मान तुकवली नाही, आणि पुस्तक फेकूनही दिले नाही. ते वाचत, डोंगरावरील प्रवचनापाशी थांबत, स्वतःच्या मनाशी झगडत त्यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी कोण होता हे त्यांना पुढे कधीच कळले नाही.